शिष्यवृत्ती की बिनव्याजी कर्ज?

भाचीला झुआरीनगरच्या बिट्समध्ये, म्हणजे बिट्स पिलानी या खासगी विद्यापीठाच्या गोवा कॅम्पसमध्ये, प्रवेश मिळाला आणि डिचोलीच्या घरात आनंदाबरोबर फीचा धसकाही आला. ताईने विचारलं, "शिष्यवृत्तीवर भागेल ना रे?"

बिट्समध्ये गुणवत्तेवर फी-सवलत मिळते, आणि उत्पन्न कमी असलेल्यांसाठी गुण व गरज दोन्ही पाहून दिली जाते. हे पैसे परत करायचे नसतात, हे मोठंच सुख. पण सवलत सत्रागणिक गुणांवर ठरते, आणि तिथला प्रत्येकजण आपापल्या शाळेतला हुशार! बारावीचे नव्वद टक्के तिथे कुणी विचारत नाही. पहिल्याच सत्रात गणिताने दगा दिला तर पुढची फी कुठून आणायची?

गोवा शिक्षण विकास महामंडळाचं कर्ज बिनव्याजी असतं. फेडावं लागतं, जामीनदार शोधावा लागतो, रहिवास दाखल्यासाठी हेलपाटे होतात. पण घेतलं तेवढंच परत करायचं.

माझं स्पष्ट मत, पाया कर्जाचा ठेवावा. शिष्यवृत्ती मिळेल त्या सत्रात तेवढी उचल कमी करावी. ताई उद्याच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदार कार्यालयात जाते आहे; तो शिष्यवृत्तीच्या अर्जालाही लागेल.