कॉलनीतली नवी बाग : वर्षभर रोज जाऊन जे दिसलं ते

आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर पालिकेने बांधलेल्या बागेला या आखाजीला (आम्ही खान्देशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतो) वर्ष झालं. बाहेरगावी गेले ते दिवस सोडले तर मी रोज तिथे जाते. बरोबर वॉकर घेतलेल्या सासूबाई असतात, वय 83, आणि माझं बोट धरलेला पाच वर्षांचा नातू असतो. बाग कशी आहे हे या दोघांनी मला जेवढं दाखवलं तेवढं उद्घाटनाच्या दिवशी कळलं नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवल्यामुळे दिसलेलं वहीत टिपून ठेवायची सवय आहे. हे त्या वहीतूनच लिहिते आहे.

बाग झाली याचा मला मनापासून आनंद आहे, हे आधी सांगते. ही 22 गुंठ्यांची जागा पंचवीस वर्षं गाजरगवताखाली होती. ज्याचं बांधकाम चालू असेल त्याची वाळू-खडी तिथे पडायची, लग्नसराईत मांडव पडायचा आणि उरलेले दिवस डुकरं फिरायची. लेआउट पाडताना एक एकर किंवा त्याहून मोठी जमीन असेल तर दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. राज्यात 2020 पासून लागू असलेल्या एकत्रित नियमावलीत हाच नियम 0.4 हेक्टर असा लिहिला आहे. आमचा लेआउट साडेपाच एकरांचा, म्हणून आम्हाला 22 गुंठे मिळाले. म्हणजे ही जागा आम्हाला कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नाही. आम्ही प्लॉट घेतले तेव्हाच ती आमच्या सगळ्यांच्या वापरासाठी राखलेली होती. कॉलनीतल्या कितीतरी जणांना हे आजही ठाऊक नाही.

आता त्या 22 गुंठ्यांत काय बसवलं ते सांगते. मधोमध हिरवळ, हिरवळीच्या मधोमध कारंजं, भोवती पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक, ट्रॅकच्या कडेने रॉयल पाम. एका बाजूला ओपन जिमची आठ यंत्रं, दुसऱ्या बाजूला मुलांची खेळणी. फोटोत फार छान दिसतं. पण आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं. बोअरच्या पाण्यावर हिरवळ मार्चपर्यंत टिकली, एप्रिलमध्ये पिवळी पडली, मेमध्ये तिची माती झाली. कारंजं मी एकदाच उडताना पाहिलं.

सगळ्यात मोठी उणीव सावलीची आहे. ज्या मुलखात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो तिथे बागेचा नकाशा काढताना पहिली रेघ सावलीची असायला हवी. रॉयल पामची सावली खांबाएवढी पडते. पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी वॉकर टेकत पूर्ण एक फेरी मारली. ग्रॅनाइटच्या बाकाला हात लावला आणि लगेच मागे घेतला. म्हणाल्या, "आठे (इथे) ते सावलीच नही. कोठे बसू माय?" बाकं आठ आहेत आणि आठही उघड्यावर आहेत. पूर्वेच्या कोपऱ्यात एक जुना कडुनिंब आहे. तो बागेच्या आराखड्यात नव्हता. कुंपणाच्या रेषेत येतो म्हणून तोडायचा होता. शेजारच्या घरातल्या वहिनी आडव्या उभ्या राहिल्या आणि वृक्ष प्राधिकरणाची परवानगी दाखवा म्हणाल्या. 1975 च्या वृक्षसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणे तशी परवानगी लागतेच. ती कोणाकडे नव्हती, म्हणून कुंपण दोन हात आत वळलं. आज कॉलनीतले सगळे म्हातारे त्या एका झाडाखाली, कुंपणाच्या भिंतीवर, फरशीच्या तुकड्यांवर, घरून आणलेल्या सतरंजीवर बसतात. पैसे खर्चून बसवलेली बाकं रिकामी असतात.

घसरगुंडीबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे. ती स्टीलची आहे आणि तिचं तोंड पश्चिमेला आहे. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचला नातू हाफ चड्डीत वर चढला, बसला आणि सुटला. अर्ध्यावर आला तेव्हा त्याचं तोंड उघडं होतं, पण आवाज निघत नव्हता. खाली पोचल्यावर रडला. मांड्यांच्या मागे दोन लाल पट्टे उमटले होते, घरी जाऊन कोरफड लावली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी पाण्याची बाटली घेऊन गेले आणि अर्धी बाटली घसरगुंडीवर ओतली. पाणी खालपर्यंत पोचलंच नाही, मधेच वाळलं. हीच घसरगुंडी उत्तरेकडे तोंड करून कडुनिंबाजवळ बसवली असती तर खर्च एक रुपयानेही वाढला नसता. पायाचे बोल्ट कुठे ठोकायचे एवढाच प्रश्न होता. पण तो प्रश्न विचारायला नकाशा काढणारा माणूस मे महिन्यात संध्याकाळी इथे येऊन उभा राहायला हवा होता.

तीच गोष्ट वेळेची. गेटवर पाटी होती, सकाळी 6 ते 9, संध्याकाळी 5 ते 8. खान्देशात उन्हाळ्यात पाच वाजता कोण घराबाहेर पडतं? भिंती आग ओकत असतात. दिवसभर पापड, बिबडे, कुरडया करून बायका थकलेल्या असतात, आठला स्वयंपाक उरकतो आणि साडेआठला जरा वारा सुटतो. तेव्हा माणूस बागेकडे निघतो आणि गेटला कुलूप दिसतं. मे महिन्यातला एक आठवडा मी रोज वहीत मोजदाद केली. पाच ते सहा या तासात कधी तीन माणसं, कधी एकही नाही. आठला शिट्टी वाजायची तेव्हा आत साठ-सत्तर माणसं असायची आणि बाहेरून येणारी गेटवरूनच परत फिरायची. रखवालदार भला माणूस आहे, त्याचा यात दोष नाही. त्याला पाटीप्रमाणे वागावं लागतं.

स्वच्छतागृह बांधलं आहे, त्याला कुलूप आहे. त्यामुळे बायका घरून निघायच्या आधी दोन तास पाणी पीत नाहीत, तेही मे महिन्यात. यावर अजून काय लिहू? गेट गोल फिरतं आहे, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. त्यातून व्हीलचेअरही आत जात नाही. आमच्या गल्लीतला अकरावीतला मुलगा आईबरोबर येतो, बाजूच्या मोठ्या गेटची किल्ली येईपर्यंत रस्त्यावर थांबतो. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला, बाग त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. ओपन जिमची तीन यंत्रं बंद पडली आहेत आणि ठेकेदाराची देखभालीची मुदत संपत आली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आताच लेखी तक्रार करा, मुदत संपल्यावर कोणी दाद देणार नाही.

लेक जळगावला असते. तिच्याकडे गेले की मी काव्यरत्नावली चौकातल्या 'भाऊंचे उद्यान' या बागेत जाते, कधी पहाटे मेहरूण तलावाच्या काठाने चालते. त्या मोठ्या शहराशी आमच्या तालुक्याच्या गावाची बरोबरी करणं बरं नाही, हे मला कळतं. पण तलावाच्या काठाने चालताना शेकडो माणसं दिसतात, ती तिथे यंत्रांसाठी येत नाहीत. पाणी, वारा आणि पायाखाली सलग वाट, एवढ्यासाठी येतात. हे कमी पैशांतही जमतं.

वही घेऊन मी पालिकेत गेले. बांधकाम विभागातल्या तरुण इंजिनिअरने नीट ऐकून घेतलं. इस्टिमेटची प्रत दाखवली. त्यात पाम, कारंजं, पेव्हर ब्लॉक, लाइटचे खांब, सगळं रुपयांपर्यंत लिहिलेलं होतं. मी विचारलं, कडुनिंब, करंज, पिंपळ कुठे आहेत? म्हणाला, "मॅडम, त्याला वाढायला वेळ लागतो." मी म्हटलं, पंचवीस वर्षं जागा पडून होती, तेवढ्यात वाढला असता.

तिथेच भिंतीवर गावाच्या विकास योजनेचा, म्हणजे कोणती जागा कशासाठी राखली ते दाखवणारा, नकाशा लावलेला होता. बागा, मैदानं हिरव्या रंगात. आमच्या शाळेमागचा मोठा तुकडा त्यात खेळाचं मैदान म्हणून हिरवा आहे. प्रत्यक्षात तिथे आज प्लॉट पडून घरं झाली आहेत. हे कसं झालं ते मला त्या दिवशी समजलं. नगररचनेचा कायदा 1966 चा आहे, त्याच्या कलम 127 प्रमाणे योजना अंतिम झाल्यापासून दहा वर्षांत पालिकेने आरक्षित जमीन घेतली नाही तर मालक 'जमीन विकत घ्या' अशी खरेदीची नोटीस पालिकेला देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही पालिकेने पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. मालकाचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवायची? पण माझ्या वर्गातली मुलं त्या मैदानावर खो-खो खेळायची. ते गेलं तेव्हा गावात कोणाला पत्ताही लागला नाही, मलाही नाही. त्याचं वाईट वाटतं.

केंद्राच्या 2014 च्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचनांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळी जागा असावी असं सांगितलं आहे. आमचे 22 गुंठे म्हणजे साधारण 2,200 चौरस मीटर. त्या हिशेबाने ही बाग 220 माणसांपुरती होते, आणि आजूबाजूच्या चार कॉलन्यांना मिळून ही एकच बाग आहे. म्हणून विकास योजनेचं प्रारूप प्रसिद्ध होतं तेव्हा हरकती-सूचनांसाठी मिळणारे 30 दिवस फार मोलाचे असतात. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, आवक-जावकला द्यायचा आणि पोच घ्यायची. सर्व्हे नंबर, जागेचं वर्णन आणि तुम्हाला काय हवं ते, एवढं पुरतं. वकील लागत नाही.

बागेबद्दलचा माझा अर्जही मी असाच दिला, मोजदादीच्या वहीची झेरॉक्स जोडली, खाली कॉलनीतल्या 112 जणांच्या सह्या. त्यांपैकी 70 बायकांच्या आहेत, कारण सह्या मी हळदी-कुंकवाच्या दिवसांत घेतल्या. मार्चपासून गेट रात्री दहापर्यंत उघडं राहतं. मोठ्या गेटची किल्ली आता गेटवरच खिळ्याला असते. स्वच्छतागृहाचं उत्तर अजून आलेलं नाही.

अर्जात मी एक मागणी अशीही लिहिली होती की ती वाचून इंजिनिअर आधी गोंधळला. आखाजीचा झोका. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधतात. हे लहान मुलींसाठी नसतं, ते सासरी गेलेल्या बायकांसाठी असतं. बागेतले दोन झोके साखळीचे, गुडघ्याएवढ्या उंचीचे, आणि शेजारी पाटी, 12 वर्षांवरील व्यक्तींनी बसू नये. गेल्या आखाजीला माझी लेक आणि तिच्या तीन मैत्रिणी ती पाटी वाचून परतल्या होत्या. सासूबाईंना ते पटलंच नाही. "आखाजीना दिन अन् झोका नही, हाई कसं माय?" असं त्या दोन दिवस म्हणत राहिल्या.

या वर्षी परवानगी मिळाली. शेजारच्या वहिनींच्या मुलाने कडुनिंबाच्या आडव्या फांदीवर गोणपाट दुमडून ठेवला, साल सोलू नये म्हणून, आणि त्यावरून जाड दोर टाकला. खाली पाट. आधी त्याने स्वतः लोंबकळून पाहिलं, मग दोन गडी एकदम बसवले, फांदी हलली नाही. दुपारपासून रात्रीपर्यंत झोका रिकामा नव्हता. ज्या बायकांना मी वर्षभर बागेत पाहिलं नव्हतं त्या आल्या, कोणी पाहत नाही ना बघून बसल्या, आणि मग उठायलाच तयार होईनात. सासूबाईंना आम्ही दोघींनी धरून बसवलं. दोर दोन्ही हातांनी पकडून त्या डोळे मिटून बसल्या, आणि झोका द्यायला गेले तर नको म्हणाल्या, नुसतं बसू दे.

पाचपैकी मी या बागेला तीन देते. त्यातला एक पूर्ण कडुनिंबाचा आहे. जायचं असेल तर उन्हाळ्यात साडेआठनंतर, पावसाळ्यात पाच वाजता, आणि लहान मूल असेल तर त्याला फुल पँट घाला. घसरगुंडी अजून पश्चिमेकडे तोंड करूनच आहे. तिच्यामागे आम्ही पाच रोपं लावली आहेत, तीन कडुनिंब, दोन करंज. घरातलं भाज्या धुतलेलं पाणी मी रोज कॅनमध्ये भरून नेते. सगळ्यात मोठं रोप सध्या नातवाच्या कमरेएवढं आहे, तो रोज जाऊन मापतो.