थिएटर की घर? चित्रपट कुठे बघायचा हे ठरवताना

‘थिएटरला जाऊ की ओटीटीवर येईपर्यंत थांबू?’ हा प्रश्न पूर्वी फारसा पडत नसे, कारण थांबायचं म्हणजे खूपच थांबावं लागे. हॉलिवूडचा मोठा चित्रपट थिएटरमधून घरी पोचायला साधारण ९० दिवस लागत. २०२० साली महामारीत थिएटरं बंद झाली आणि ती शिस्त मोडली. त्याच वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एएमसी ही थिएटर साखळी यांच्यात चित्रपट १७ दिवसांनंतर घरी भाड्याने देता येईल असा करार झाला. २०२१ मध्ये तर वॉर्नर ब्रदर्सने अमेरिकेत आपले वर्षभराचे चित्रपट थिएटरमध्ये आणि ओटीटीवर एकाच दिवशी आणले. आता हे अंतर अनेकदा ४५ दिवसांच्या आसपास असतं, कधी त्याहूनही कमी. दीड महिना कोणीही थांबेल. तिकिटाचा खर्च, जाण्या-येण्याचा वेळ ही कारणं खरी आहेतच, पण ती आधीही होती. थांबणं इतकं सोपं झालं, हे मला थिएटरमधली गर्दी ओसरण्याचं सर्वांत मोठं कारण वाटतं.

चित्राच्या बाबतीत घर आता मागे नाही. थिएटरच्या पडद्याचा प्रमाणित उजेड ४८ निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजण्याचं एकक) असतो. चांगला टीव्ही काही शे निट्स सहज देतो, आणि ओलेड पडद्यावरचा (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो किंवा विझतो) काळा रंग बहुतेक थिएटरांपेक्षा गडद दिसतो. घर कमी पडतं ते आकारात. ५५ इंची टीव्ही सुमारे चार फूट रुंद असतो. दहा फुटांवरून तो नजरेचा जेमतेम २३ अंशांचा भाग व्यापतो. थिएटरमध्ये मधल्या रांगेत बसलं की ४० अंश किंवा त्याहून जास्त भाग पडद्याने भरतो. घरी तेवढं हवं असेल तर खुर्ची साडेपाच फुटांवर आणावी लागेल. विचित्र वाटेल, पण एकदा करून बघा. नवा टीव्ही घेण्याआधी हा फुकटचा उपाय आहे.

आवाजात मात्र तुलनाच नको. टीव्ही जितका सडपातळ, तितके त्याचे स्पीकर बारीक, आणि तेही बरेचदा खाली किंवा मागे तोंड केलेले. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्याच दृश्यात स्फोट होतो. साउंडबार लावून फरक पडतो, पण थिएटरमध्ये पाऊस डोक्यावर पडतो तसा तो घरी पडत नाही.

आता मुख्य गोष्ट, लक्ष. ‘मारधाडीचा भव्य चित्रपट थिएटरमध्ये बघावा, साधी कौटुंबिक गोष्ट घरी चालते,’ असं सगळे सांगतात. मला हे उलटं वाटतं. वेगवान चित्रपट घरीही तुम्हाला धरून ठेवतो. पाच मिनिटं फोनमध्ये डोकं घातलंत तरी धागा सापडतो. हाल होतात ते संथ, कमी बोलणाऱ्या चित्रपटाचे. असाच एक चित्रपट मी घरी तीनदा लावला आणि तिन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत सोडला. पुढे तोच थिएटरमध्ये बघायचा योग आला. ज्या दृश्यात मी घरी रिमोट उचलला होता, तिथे अख्खं थिएटर श्वास रोखून बसलं होतं आणि मीही. चित्रपट तोच होता. तिथे थांबवायचं बटण नव्हतं, एवढाच फरक. म्हणून एखाद्या दिग्दर्शकाचं शांत काम थिएटरला लागलं असेल, तर मी म्हणेन थांबू नका. असे चित्रपट आठवड्याभरात उतरतात.

विनोदी आणि भयपटही माणसांत बघायचे. हसू एकाकडून दुसऱ्याकडे जातं, भीतीही.

घरी बघावेत असेही पुष्कळ आहेत. माहितीपट, संवादांनी खच्चून भरलेली कथा, सबटायटल वाचत मध्येच मागे जाऊन बघावं लागेल असं काही. ऐकायला कमी येत असेल, सलग तीन तास बसवत नसेल, लहान मूल असेल, तर घर निवडताना मुळीच अपराधी वाटून घेऊ नका. आणि जवळच्या थिएटरमध्ये चित्र अंधूक असेल, पुढच्या रांगेत फोन चमकत असतील, तर तिथे जाण्यापेक्षा घरी दिवे मालवून बसलेलं कधीही चांगलं.

घरी बघणार असाल तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. चित्रपट सहसा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो; टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतो, आणि मग महागडा चित्रपटही मालिकेसारखा दिसू लागतो. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडा. थिएटरला जाणार असाल तर मध्यभागाच्या किंचित मागची, बरोबर मधली जागा घ्या. आवाजाचा तोलही सहसा तिथेच सर्वांत चांगला असतो.