गेमच्या संगीतासाठी रीपर: बरेच महिने वापरल्यावर

गाण्याचे काम एक फाइल रेंडर झाली, म्हणजे तयार ध्वनिफाइल बाहेर काढली, की संपते. गेमचे तसे नसते. मध्यम आकाराच्या गेमलाही मेनू, गाव, जंगल, लढाई, बॉस, विजय, पराजय असे दहा-बारा तुकडे लागतात आणि त्यातल्या निम्म्यांचे तीन-चार थर वेगवेगळे द्यावे लागतात. मग डेव्हलपर सांगतो, लढाईचे संगीत दोन आवर्तने वाढवा. सगळ्या फाइली पुन्हा काढायच्या, त्याच नावांनी, आणि सगळे थर एकमेकांशी सॅम्पलबरहुकूम (सॅम्पल म्हणजे डिजिटल ध्वनीचे सगळ्यांत लहान माप) जुळले पाहिजेत. म्हणून गेमसाठी सॉफ्टवेअर निवडताना, चाल बांधताना ते किती साथ देते यापेक्षा फाइली बाहेर काढताना ते किती कष्ट वाचवते हे आधी तपासावे. या कसोटीवर मला रीपर हे संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करायचे सॉफ्टवेअर सगळ्यांत पुढे वाटते. हा अनुभव सातव्या आवृत्तीचा आहे.

रीपर कोकोस कंपनीचे. विनॅम्प बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने ते उभे केले. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते, इन्स्टॉलर अगदी लहान आहे, आणि पोर्टेबल पर्याय निवडला तर पेनड्राइव्हवरूनही उघडते. पहिले 60 दिवस सगळे काही चालते, एकही सुविधा बंद ठेवलेली नाही. नंतर वैयक्तिक वापरासाठी, किंवा धंद्याची वार्षिक उलाढाल 20,000 डॉलरच्या आत असेल तर 60 डॉलर. त्यावर 225 डॉलर. सॉफ्टवेअर दोन्ही परवान्यांत एकच. 60 डॉलर म्हणजे पाच हजार रुपयांच्या आसपास, वर कार्डाचे परदेशी व्यवहाराचे शुल्क. सातव्या आवृत्तीला घेतलेला परवाना आठवी आवृत्ती संपेपर्यंत चालतो.

आता उणीव. रीपरबरोबर वाजवण्याजोगे आवाज जवळजवळ येत नाहीत. एक साधा सिंथ (कृत्रिम आवाज घडवणारे वाद्य) आणि एक सॅम्पलर (आधी मुद्रित केलेले आवाज वाजवणारे वाद्य) येतो, बस्स. ऑर्केस्ट्रा, पियानो, पॅड हे सगळे बाहेरून आणावे लागते. फुकटात सुरुवात करायची तर सिंथसाठी व्हायटल आणि सर्ज एक्सटी, ऑर्केस्ट्रासाठी स्पिटफायरचे बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर, आणि मुद्रित आवाजांच्या सॅम्पलसाठी डिसेंट सॅम्पलर किंवा स्फोर्झांडो एवढ्यावर पहिला गेम नीट होतो. ज्यांच्याकडे मॅक आहे आणि आवाज शोधत बसायचे नाही, त्यांनी लॉजिक प्रो घ्यावे. त्यात आवाजांचा साठा प्रचंड आहे. आठ-बिटी संगीत हवे असेल तर यातले काहीच नको. फॅमिट्रॅकर किंवा फर्नेस हा ट्रॅकर (स्वर तक्त्यात लिहायचे सॉफ्टवेअर) उघडा, कारण निन्टेन्डोच्या जुन्या एनईएस यंत्रातले पाचच चॅनेल (दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉइज, एक सॅम्पल) ही मर्यादा ट्रॅकरमध्ये आपोआप पाळली जाते आणि त्या मर्यादेतूनच तो बाज येतो.

रीपरची खरी ताकद रीजन रेंडर मॅट्रिक्समध्ये आहे. एकाच प्रोजेक्टमध्ये सगळे तुकडे टाइमलाइनवर एकामागोमाग ठेवायचे, मध्ये दोन-चार बार मोकळे सोडायचे. प्रत्येक तुकडा निवडून शिफ्ट-आर दाबले की रीजन तयार होतो. स्नॅप चालू हवा, तो ऑल्ट-एसने चालू-बंद होतो. रीजनची कड ग्रिडवर बसली नाही तर पुढचे सगळे बिघडते. रीजनला नाव द्यायचे ते रोमन लिपीत, मधे जागा न सोडता. देवनागरी नावे रीपरला चालतात, पण पुढे गेमच्या बिल्डमध्ये एखादे साधन त्यांवर अडखळू शकते. मग प्रत्येक थरासाठी एक फोल्डर ट्रॅक (अनेक ट्रॅक पोटात घेणारा) करायचा: ताल, बास, सुरावट, तणाव. व्ह्यू मेनूतून मॅट्रिक्स उघडले की एका बाजूला रीजन आणि दुसऱ्या बाजूला ट्रॅक दिसतात. कोणत्या रीजनचा कोणता थर हवा तिथे खूण करायची. कंट्रोल-ऑल्ट-आरने रेंडरची खिडकी उघडून सोर्समध्ये मॅट्रिक्स निवडायचे आणि फाइलच्या नावात रीजन व ट्रॅक यांची वाइल्डकार्डे (जिथे खरे नाव आपोआप भरले जाते अशा खुणा) टाकायची. बारा रीजन आणि चार थर असतील तर एका क्लिकमध्ये 48 फाइली बरोबर नावांनी फोल्डरमध्ये पडतात.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, सामायिक रिव्हर्ब (आवाजाला घुमारा देणारा इफेक्ट). सगळ्या ट्रॅकवरून एकाच रिव्हर्ब ट्रॅकला सेंड दिलेला असेल तर थर वेगळे काढताना तो रिव्हर्ब कुठल्याच थरात येत नाही आणि फाइली कोरड्या निघतात. त्यासाठी प्रत्येक फोल्डरच्या आत त्याचा स्वतःचा रिव्हर्ब ट्रॅक ठेवावा. प्रोसेसरवर थोडा भार वाढतो, पण दुसरा सरळ मार्ग नाही. दुसरी गोष्ट, रेंडरच्या खिडकीतला नाव आपोआप वाढवण्याचा पर्याय. तो चालू राहिला तर जुन्या फाइलीवर नवी न लिहिता नावापुढे आकडा जोडला जातो. युनिटी या गेम इंजिनमध्ये फाइल त्याच नावाने त्याच जागी बदलली तर सीनमधले सगळे दुवे टिकतात. नाव बदलले की डेव्हलपरला प्रत्येक दुवा हाताने जोडावा लागतो.

लूपचा, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा, सांधा हा गेमच्या संगीतातला सगळ्यांत नाजूक भाग. शेवटच्या बारमध्ये वाजलेल्या झांजेची आस किंवा रिव्हर्बची शेपटी रीजन संपताच कापली जाते आणि लूप पुन्हा सुरू होताना भोक पडल्यासारखे ऐकू येते. रीपरच्या रेंडर खिडकीत सेकंड पास रेंडर नावाचा पर्याय आहे. त्यात तुकडा दोनदा वाजवला जातो आणि पहिल्या फेरीची शेपटी दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीत मिसळून लिहिली जाते. यावेळी टेलचा (शेवटी शेपटीसाठी जादा वेळ जोडण्याचा) पर्याय बंद ठेवायचा, नाहीतर लांबी वाढते. हाच पर्याय इतर सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर तुकडा दोनदा लागोपाठ मांडून पूर्ण रेंडर करायचा आणि बरोबर मध्यावर कापून उत्तरार्ध ठेवायचा. फळ तेच, मेहनत जास्त.

एवढे करूनही सांध्यावर आवाज किंचित बसत असेल तर कारण बहुधा आपोआप लागणाऱ्या फेडमध्ये (आवाज हळूहळू चढवण्या-उतरवण्यात) सापडते. आत आणलेल्या किंवा कापलेल्या ऑडिओच्या कडेला रीपर मुळातच 10 मिलिसेकंदांचा फेड लावते. एरवी ते चांगले, क्लिक येत नाही. पण लूपच्या दोन्ही टोकांना असा फेड बसला की प्रत्येक फेरीला एक बारीकसा खळगा ऐकू येतो. प्रेफरन्सेसमध्ये आयटेमच्या फेडची मूळ मूल्ये असतात, तिथे ते शून्य करावे. दुसरे कारण कोरस, फ्लँजर, ऑटो-पॅन या इफेक्टांचे एलएफओ (आवाज संथपणे हलवत ठेवणारी आवर्ती लहर). ते मुक्तपणे फिरत असतील तर लूपच्या शेवटी एका स्थितीत आणि सुरुवातीला दुसऱ्याच स्थितीत असतात. त्यांना टेम्पोला बांधावे आणि एलएफओची फेरी लूपच्या लांबीत पूर्ण भागेल अशी ठेवावी.

एमपी3 मध्ये लूप कधीच देऊ नये. तो 1152 सॅम्पलच्या चौकटींत बांधला जातो, त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते आणि प्रत्येक फेरीला ती ऐकू येते. ऑग व्हॉर्बिसमध्ये नेमकी लांबी नोंदलेली राहते, म्हणून सांधा शाबूत राहतो. आकाराचा हिशेबही सोपा आहे: 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ वेव्ह मिनिटाला सुमारे 17 एमबी खाते, ऑग 0.5 दर्जावर मिनिटाला सव्वा एमबीच्या आसपास. डेव्हलपरकडे ऑग पाठवावे आणि वेव्हची प्रत आपल्याकडे जपावी.

टेम्पो निवडतानाही थोडे गणित करावे. 48,000 च्या सॅम्पल रेटला एका बीटचे सॅम्पल म्हणजे 28,80,000 भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे बीट). 120 ला 24,000 येतात, 100 ला 28,800, 90 ला 32,000, 125 ला 23,040, 150 ला 19,200. हे पूर्ण आकडे. 110 ला मात्र 26,181.8 येतात, 140 ला 20,571.4. एका लूपला तो अपूर्णांक ऐकू येत नाही, पण इंजिन टेम्पोवरून पुढचा ठोका मोजत असेल आणि फाइल मात्र पूर्ण सॅम्पलवर संपत असेल तर बऱ्याच फेऱ्यांनंतर फरक साचत जातो. चाल 110 ला सुचली असली तरी 112.5 वर ती क्वचितच बिघडते. तिथे एका बीटचे नेमके 25,600 सॅम्पल होतात.

आपल्या तालांसाठी एक युक्ती फार उपयोगी पडते. टाइम सिग्नेचर आवर्तनाएवढी ठेवावी: रूपकाला 7/4, झपतालाला 10/4, भजनी ठेक्याला 8/4. मग एक बार म्हणजे एक आवर्तन होते. एफमॉड किंवा वाइज या गेममधला आवाज हाताळणाऱ्या साधनांमध्ये बदल पुढच्या बारवर करा असे सांगितले की शांत संगीतातून लढाईत जाणारा सांधा बरोबर समेवर पडतो. चारच्या बारमध्ये रूपक बसवला तर बदल कुठल्याही मात्रेवर होतो आणि ज्याच्या कानात ठेका आहे त्याला तो लगेच खटकतो. तानपुरा मात्र या थरांत गुंफू नये. तारा छेडण्याची त्याची लय टेम्पोला बांधलेली नसते, म्हणून तो वेगळा, मिनिट-दीड मिनिटाचा, दोन्ही टोके क्रॉसफेडने मिसळलेला स्वतंत्र लूप द्यावा. त्याची लांबी बाकीच्या थरांपेक्षा वेगळी असलेलीच बरी; त्यामुळे तोचतोचपणा कमी जाणवतो.

थर देताना मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकवर) लिमिटर किंवा कंप्रेसर हे मोठा आवाज दाबणारे इफेक्ट ठेवून मिक्स करू नये. मॅट्रिक्सच्या साध्या पर्यायात मास्टरवरचे इफेक्ट थरांना लागत नाहीत, त्यामुळे गेममध्ये चारही थर एकत्र वाजले की स्टुडिओत ऐकलेला मिक्स येत नाही. मास्टरमार्गे जाणारा पर्याय घेतला तरी उपयोग नाही, कारण कंप्रेसर प्रत्येक थराला वेगळा वागतो. सगळे थर मास्टर रिकामा ठेवून मिक्स करावेत आणि एकत्र वाजताना शिखर उणे 6 डेसिबलच्या खाली राहील इतकी जागा सोडावी. रेंडरमध्ये नॉर्मलाइझ चालू करून प्रत्येक थर वेगवेगळा मोठा करणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. थरांचे आपसातले प्रमाणच मोडते. पातळीचा अंदाज हवा तर सोनीच्या मार्गदर्शक सूचनेत घरच्या कन्सोलसाठी संपूर्ण गेमचा आवाज सरासरी उणे 24 एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचे माप), हातातल्या यंत्रासाठी उणे 18, आणि ट्रू पीक (आवाजाचे खरे शिखर) उणे 1 असे सांगितले आहे. हे आकडे संवाद, इफेक्ट, संगीत सगळे मिळून आहेत, तेव्हा संगीताला त्याहून खालीच राहायला हवे. रीपरमध्ये ड्राय रन केले की फाइल न लिहिता हे आकडे समजतात.

इंजिनप्रमाणे देण्याची रीत बदलते. गोडॉटमध्ये ऑग फाइल आणल्यावर इम्पोर्ट टॅबमध्ये लूपवर खूण करून पुन्हा इम्पोर्ट करावी लागते, ती मुळात बंद असते. 4.3 पासून एकत्र वाजणाऱ्या थरांसाठी आणि तुकड्या-तुकड्यांत जाण्यासाठी त्यात वेगळे स्ट्रीम प्रकार आले आहेत, त्यामुळे छोट्या गेमला एफमॉड लागतेच असे नाही. आरपीजी मेकरला ऑगमध्ये लूपस्टार्ट आणि लूपलेंग्थ हे दोन टॅग सॅम्पलमध्ये लिहून द्यावे लागतात. रीपरच्या मेटाडेटा खिडकीत स्वतःचा टॅग जोडता येतो. वाइजसाठी उलट करायचे: सेकंड पास बंद, टेल दोन-तीन सेकंद, आणि एक्झिट क्यू (तुकडा कुठे संपला ते सांगणारी खूण) संगीत संपते तिथे ठेवायचा. त्यापुढची शेपटी वाइज स्वतः पुढच्या तुकड्यावर वाजू देते. ऑडिओकायनेटिकचे रीवाइज हे फुकट एक्स्टेन्शन रीपरमधून थेट वाइजच्या प्रोजेक्टमध्ये फाइली बसवते.

तक्रारी आहेत. मिडी एडिटर (स्वर मांडायची खिडकी) कामाचा आहे पण एफएल स्टुडिओच्या पियानो रोलइतका हाताला सुखाचा नाही. ज्याचे सगळे काम माउसने स्वर मांडण्याचे आहे त्याला तो फरक रोज जाणवेल. (एफएल तपासणार असाल तर लक्षात ठेवा, त्याच्या चाचणी आवृत्तीत प्रोजेक्ट साठवता येतो, पण पुन्हा उघडता येत नाही.) स्वरलिपीचा भाग वादकांसमोर ठेवण्याजोगा नाही, त्यासाठी म्यूझस्कोर घ्यावे. दोन तुकडे अदलाबदल करून लगेच वाजवून बघायचे असतील तर एबलटन लाइव्हचा सेशन व्ह्यू रीपरपेक्षा कितीतरी सरस आहे. आणि रीपरच्या मेनूंचा पसारा सुरुवातीला घाबरवतो. पहिल्याच दिवशी एसडब्ल्यूएस एक्स्टेन्शन आणि रीपॅक ही रीपरची जोडसाधने बसवावीत, अ‍ॅक्शन लिस्टमध्ये नाव टाइप करून हवी ती आज्ञा शोधायची सवय लावावी, म्हणजे मेनूंत हिंडावे लागत नाही.

प्रोजेक्ट साठवताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करण्याची खूण न विसरता करावी. गेम प्रसिद्ध झाल्यावर वर्षभराने अपडेट येतो आणि लढाईचा तोच तुकडा पुन्हा लांब करून मागितला जातो. सॅम्पल दुसऱ्याच ड्राइव्हवर राहिले असतील तर रीपर प्रोजेक्ट उघडते, पण निम्मे आयटेम ऑफलाइन दाखवते.