राणीची बाग: पेंग्विन बघा, पण झाडं चुकवू नका

गेल्या रविवारी आई आणि माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेले होते. पाटीवर वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असं नाव आहे पण आईचं बालपण लालबागच्या चाळीत गेलंय, तिच्या तोंडी राणीची बागच. भाच्याला फक्त पेंग्विन बघायचे होते आणि आईला हत्ती, कारण तिच्या लहानपणी इथे हत्तीवर बसवून फिरवायचे आणि ती भीतीने इतकी रडली होती की मामाला तिला खाली उतरवून घ्यावं लागलं, ही गोष्ट आम्ही साधारण दोनशे वेळा ऐकली आहे 😄

तिकीट मोठ्यांना 50 आणि लहानांना 25, आईवडील आणि दोन मुलं असतील तर मिळून 100. पूर्वी पाच रुपये होतं म्हणून आई काउंटरवर थोडी कुरकुरली, पण मुंबईत पन्नास रुपयात अख्खा दिवस सावलीत काढता येईल अशी दुसरी जागा दाखवा मला. आणि हो, बुधवारी बंद असते. स्टेशनवरून चालतच जा, आम्हाला एका टॅक्सीवाल्याने एवढ्याशा अंतराचे शंभर सांगितले, आईने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

पेंग्विनबद्दल आधी बोलून टाकते. हम्बोल्ट जातीचे आहेत, 2016 मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ आणले आणि मार्च 2017 पासून लोकांना बघायला मिळाले. हे मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, म्हणजे बर्फातले नाहीतच, त्यामुळे "बर्फ कुठे आहे" म्हणून भाचा जरा हिरमुसला. पण एक पेंग्विन काचेला चिकटून सुळकन पोहत गेला आणि स्वारी खूश. गर्दी मात्र विचारू नका, लोक काचेसमोर सेल्फीसाठी ठिय्या देऊन बसतात, मागे पोरं उड्या मारतायत याचं कुणाला काही नाही. शक्यतो सकाळी साडेनऊला गेट उघडलं की लगेच जा.

आता खरी गोष्ट. ही बाग प्राण्यांसाठी नव्हतीच मुळात, झाडांसाठी होती. 19 नोव्हेंबर 1862 ला गव्हर्नर फ्रियर यांच्या पत्नीने उद्घाटन केलं तेव्हा नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, प्राणी नंतर आले. आज तीन हजारांवर झाडं आहेत, 286 जातींची, आणि लोक त्यांच्या खालून वाघ कुठे वाघ कुठे करत पळतात! पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथे परदेशी थाटाचा झू करायचा मोठा प्लॅन आला होता, तेव्हा मुंबईतल्या काही बायकांनी ही झाडं वाचवायला बरीच वर्षं झुंज दिली. मला तरी त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

आई एका कैलासपतीच्या झाडापाशी थांबली ती हलेनाच. फुलं फांदीच्या टोकाला नाही तर थेट खोडातून लोंबणाऱ्या दोऱ्यांवर, आणि वर तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं. खाली पडलेलं एक फूल तिने उचललं आणि भाच्याला दाखवलं, जाड गुलाबी पाकळ्या, मधे इवलीशी पिंड आणि तिच्यावर नागाच्या फण्यासारखा वळलेला झुपका. तो दोन मिनिटं गप्प! नंतर म्हणाला, "मावशी, हे थ्रीडी प्रिंट केलंय का?" पुढे गोरखचिंच आहे, आफ्रिकेतलं झाड, बुंधा असा की आम्ही तिघांनी हात पसरले तरी पुरेनात. उर्वशी मात्र फुललेली नव्हती, हे ब्रह्मदेशातलं झाड, लाल-पिवळे घोस झुंबरासारखे खाली सोडतं, ते बघायला थंडी सरताना परत जाणार आहे.

बागेला लागूनच भाऊ दाजी लाड म्युझियम. 1872 चं, मुंबईतलं सगळ्यात जुनं, तेही आधी व्हिक्टोरिया-अल्बर्टच्या नावाचं होतं, 1975 मध्ये ते उभारायला झटलेल्या डॉक्टर भाऊ दाजींचं नाव दिलं, ते मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. आतमध्ये मातीची छोटी छोटी माणसं आहेत, एकेका पगडीचा पीळसुद्धा वेगळा. बाहेर दगडी हत्ती उभा आहे तो घारापुरी बेटावरचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच. इंग्रज त्याला 1864 मध्ये विलायतेला न्यायला निघाले, उचलताना खाली पडून तुकडे झाले, मग ते तुकडे इथे आणून 1914 मध्ये जोडले. जवळ जाऊन बघा, सांधे दिसतात. फोर्टातला मूळचा काळ्या घोड्याचा पुतळा पण 1965 पासून याच आवारात आहे, वर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसलेला. भाचा म्हणे काळा घोडा तर तिकडे आहे ना, आपण बघितलाय. त्याला सांगितलं तो 2017 चा नवा, त्याच्यावर राजा नाही.

आईने दगडी हत्तीसमोर फोटो काढून घेतला, "याच्यावर बसले असते तर रडले नसते" म्हणाली. कैलासपतीचं फूल रुमालात बांधून घरी आणलं, ट्रेनमध्ये त्याचा उग्र गोड वास इतका सुटला की समोरच्या काकूंनी दोनदा पिशवीकडे बघितलं.