सेटिंगमध्ये लिहिलंय म्हणून खरं मानू नका

१२ जीबी रॅम, ५१२ जीबी स्टोरेज, अँड्रॉइड १४, शिवाय ५जी. किंमत ५,९९९. मोबाइलवर ही जाहिरात बघून दादाने पुतणीच्या नीटच्या अभ्यासासाठी टॅब मागवला. पार्सल आल्यावर पैसे दिल्याशिवाय खोका उघडू दिला नाही. पैसे देऊन दादाने लगेच सेटिंगमधलं ‘अबाउट टॅबलेट’ उघडलं, तर रॅम १२, स्टोरेज ५१२, अँड्रॉइड १४. सगळं जाहिरातीबरहुकूम. बहुतेक जण इथवरच तपासतात, आणि असे टॅब विकणारे नेमकं तेवढंच पान रंगवून ठेवतात.

बिंग फुटलं ते लेक्चर डाउनलोड करताना. अ‍ॅप म्हणतंय जागा शिल्लक नाही, सेटिंग म्हणतंय साडेचारशे जीबी रिकामे! मग टॅब माझ्याकडे आला.

मी ‘अँड्रॉइड १४’ या ओळीवर भराभर टिचक्या मारल्या. अँड्रॉइडच्या जवळपास प्रत्येक आवृत्तीत तिथे एक गंमत लपवलेली असते. १४ मध्ये अंतराळ मोहिमेसारखा बिल्ला दिसतो. इथे आलं चक्क बिस्कीट. म्हणजे हे अँड्रॉइड ८.१, बिस्किटाच्याच नावाची ‘ओरिओ’ आवृत्ती, डिसेंबर २०१७ ची. पाटी बदलली, बिस्कीट काढायचं राहून गेलं. यंत्राच्या आतली माहिती दाखवणारं सीपीयू-झेड हे फुकटचं अ‍ॅप टाकलं, त्यात एपीआय लेव्हल, म्हणजे अँड्रॉइडच्या आवृत्तीचा आतला क्रमांक, २७ दिसली. १४ ला ती ३४ असते. ‘सिस्टिम अपडेट’ दाबलं की दर वेळी ‘तुमचा टॅब अद्ययावत आहे’. अपडेट येणार तरी कुठून? प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली तर स्पष्टच होतं की हे उपकरण प्रमाणित नाही.

५जीची तर कमालच. जिओचं सिम टाकलं तर रेंजच येईना. जिओला २जी-३जी नाहीच, त्यामुळे ज्या यंत्रात धड ४जी नाही त्यात ते सिम मुकंच राहणार. दुसऱ्या कंपनीचं सिम टाकल्यावर वर ‘५जी’ अशी अक्षरं उमटली, पण नेट गोगलगायीच्या चालीने. वायफायचंही तेच. आमच्या राउटरची दोन नावं दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झचं आणि एक ५ चं. या टॅबला दुसरं दिसेचना.

खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही नव्हता. भारतात विकल्या जाणाऱ्या टॅबवर तो लागतोच, आणि खरा आहे का ते ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर बघता येतं. सिमचा टॅब असेल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक काढा, ‘केवायएम’ लिहून पुढे तो क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस करा. उत्तरात भलत्याच कंपनीचं मॉडेल आलं की समजा. आणि रॅमच्या आकड्यात ‘व्हर्च्युअल’ किती ते आधी विचारा. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते.

विक्रेता आधी फोनच उचलत नव्हता. दादाने १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, खोका उघडतानाचा व्हिडिओ आणि सीपीयू-झेडचे स्क्रीनशॉट जोडले, तेव्हा त्याचाच फोन आला, “पाचशे परत देतो, तक्रार मागे घ्या.” दादाने पूर्ण ५,९९९ मागितलेत. तक्रार अजून चालू आहे.