प्ले इट अगेन स्पोर्ट्स: मुलाचा पहिला बेसबॉल सीझन असेल तर आधी इथे जा

न्यू जर्सीत आमच्या टाऊनच्या लिटल लीगची, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल लीगची, प्रॅक्टिस मार्चच्या शेवटी सुरू होते, म्हणजे साधारण गुढीपाडव्याच्या आगेमागे, आणि त्याआधी मराठी मंडळाच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतंच की मुलाला बेसबॉलला घातलंय, काय काय घ्यावं लागतं आणि कुठून. तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवते. माझं उत्तर एकच आहे, प्ले इट अगेन स्पोर्ट्स. वापरलेलं आणि नवं दोन्ही सामान ठेवणारी ही दुकानांची साखळी आहे, 1983 मधे मिनियापोलिसला पहिलं दुकान निघालं, आता अमेरिकेत आणि कॅनडातही आहेत. प्रत्येक दुकानाचा मालक वेगळा असतो त्यामुळे माल आणि भाव दुकानागणिक बदलतात हे लक्षात ठेवा, मी आमच्या जवळच्या दुकानाबद्दल लिहितेय.

आमचा मुलगा आठ वर्षांचा. लीगकडून जर्सी आणि टोपी मिळते, बाकी सगळं आपलं आपण. आम्ही आधी एका मोठ्या दुकानात गेलो होतो, तिथे ग्लव्ह प्लॅस्टिकच्या टायने बांधलेले, हात घालून बघायची सोय नाही आणि विचारायला जवळपास कोणी नाही. ग्लव्ह ही अशी वस्तू आहे की हात घातल्याशिवाय कळतच नाही. लेबलवर साडेदहा इंच लिहिलंय, वयाला बरोबर आहे, पण चामडं इतकं कडक की पोराच्याने तो मिटतच नाही, आणि ग्लव्ह मिटला नाही की बॉल आत येऊन परत बाहेर. मग पोराला वाटतं आपल्याला कॅच जमत नाही आणि दुसऱ्याच आठवड्यात म्हणतं मला नाही जायचं.

प्ले इट अगेनमधे वापरलेल्या ग्लव्हची एक अख्खी भिंत आहे. काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं कुठल्या हाताने फेकतो. उजव्या हाताने फेकणाऱ्याचा ग्लव्ह डाव्या हातात असतो, क्रिकेटच्या घरातून येणाऱ्यांना हे पटकन लक्षात येत नाही, म्हणून दुकानात जाताना मूल सोबत पाहिजेच. मग त्यांनी चारपाच ग्लव्ह काढून दिले आणि म्हणाले, अंगठा आणि करंगळी एकमेकांकडे आणून मिटून दाखव. पहिले दोन अर्धवट मिटले. तिसरा जुना तपकिरी, कडेला कोणाचं तरी आडनाव मार्करने लिहिलेलं, पुसट झालेलं, पण चामडं मऊ पडलेलं आणि खळगा नेमका जिथे हवा तिथे तयार झालेला, तो एका झटक्यात मिटला. काकांनी तिथेच दोन रॅकच्या मधे उभं राहून मऊ बॉल हळूच टाकला, पोराने झेलला, परत टाकला, परत झेलला. त्याचा चेहरा बघूनच मी तो ग्लव्ह घेतला, वीस डॉलरच्या आत. वापरलेल्या ग्लव्हमधे फक्त चामड्याच्या दोऱ्या नीट बघा, बोटांच्या मधल्या जाळीची दोरी तुटायला आली असेल तर सोडून द्या. आणि नवाच घेतलात तर तो मऊ करायचा एकच चांगला उपाय, रोज थोडा वेळ कॅच खेळणं आणि रात्री आत बॉल ठेवून रबर बँड लावून ठेवणं. ओव्हन, मायक्रोव्हेव वगैरे जे उपाय ऐकू येतात ते करू नका, चामडं सुकून तडकतं.

बॅटच्या बाबतीत मात्र सेकंड हॅण्डमधे डोळे उघडे ठेवा. लिटल लीगमधे 1 जानेवारी 2018 पासून यूएसए बेसबॉल या संस्थेचा शिक्का असलेलीच बॅट चालते (एकसंध लाकडाची असेल तर शिक्का लागत नाही). त्याआधीच्या जुन्या बॅट आणि यूएसएसएसए या दुसऱ्या संस्थेचा शिक्का असलेल्या बॅट दिसायला एकदम भारी असतात, स्वस्तात मिळतातही, पण लीगच्या मॅचला चालत नाहीत. आमच्या दुकानात दोन्ही वेगवेगळ्या पिंपात ठेवतात आणि आपणहून विचारतात कुठल्या लीगसाठी हवी, हे मला फार आवडलं. छोट्या टी बॉलच्या (खांबावर ठेवलेला बॉल मारायचा लहानांचा खेळ) बॅटवर ती फक्त टी बॉलसाठी आहे असं छापलेलं असतं, आठ वर्षांच्या पोराला ती घेऊ नका. लांबी आणि वजनातल्या फरकाला इथे ड्रॉप म्हणतात, 27 इंची बॅट 17 औंसाची असेल तर ड्रॉप 10. पोराला बॅट एका हातात धरून हात बाजूला सरळ करायला सांगा, अर्धा मिनिट हात खाली न येता धरली तर वजन ठीक. शेजारच्या पोराकडे दोनशे डॉलरची आहे म्हणून आपणही घ्यायची काही गरज नाही, या वयात बॅट वर्षा दोन वर्षांत छोटी होते. कंपोझिट (कार्बन फायबरची) बॅट तर थंडीत वापरू नका असं कंपन्याच सांगतात, आणि इथे न्यू जर्सीत मार्च एप्रिलमधे संध्याकाळी बोटं गारठतात, तेव्हा साधी अल्युमिनियमची घ्या.

हेल्मेट मात्र नवंच घ्या, इथे पैसे वाचवू नका. जुनं हेल्मेट किती वेळा आपटलंय, आतला फोम कसा आहे हे बाहेरून कळत नाही. नॉक्सीचा (NOCSAE, खेळाच्या हेल्मेटची सुरक्षा मानकं ठरवणारी संस्था) शिक्का बघा आणि घरी आणल्यावर त्यावर स्टिकर लावणं, रंगवणं बंद, उत्पादकाची परवानगी नसेल तर लीग ते चालवत नाही. कपसुद्धा (क्रिकेटमधलं ॲबडॉमिनल गार्ड) नवाच, आणि घरी एकदोनदा घालून पळायची सवय करून द्या, नाहीतर प्रॅक्टिसभर लक्ष तिकडेच. शूजना मेटलचे स्पाईक या वयात चालत नाहीत, रबरचेच लागतात. घरी सॉकरचे असतील तर बिनधास्त तेच वापरा, उलटं मात्र चालत नाही कारण बेसबॉलच्या शूजला पुढे अंगठ्याशी एक जादा खिळा असतो आणि तो सॉकरवाले चालवून घेत नाहीत.

आता आपल्या घरांसाठी खास सांगायचं ते हे की क्रिकेट खेळलेल्या पोराचा थ्रो छान असतो, हात मोकळा असतो, आणि बाबांनी मागच्या अंगणात टेनिस बॉलने खेळवलं असेल तर बॉलची भीतीही कमी असते. पण बॉल मारल्यावर बॅट हातात घेऊन पळायची सवय इतकी अंगात भिनलेली असते की ती पहिल्या प्रॅक्टिसच्या आधी घरीच मोडायला लागते. मारा, बॅट खाली टाका, पळा. टाका म्हणजे हातातून सोडा, मागे फेकायची नाही, मागे कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा खेळाडू, बसलेला असतो. आणि पहिल्या बेसवर (मारल्यावर पळत जाऊन गाठायची पहिली खूण) थांबायला पळायचं नाही, त्याच्यावरून पुढे पळत जायचं. एवढं घरी घोटून घेतलं की कोच काय सांगतोय ते पोराला लगेच कळतं आणि तो हिरमुसत नाही.

दुकानाबद्दल तक्रार म्हणावी तर एवढीच की डावखुऱ्या मुलांसाठी ग्लव्ह फार कमी असतात, मैत्रिणीच्या मुलीला तिथे मिळालाच नाही, शेवटी नवा मागवावा लागला. आणि पॅन्ट, बेल्ट, मोजे यांत फार काही वाचत नाही, ते कुठूनही घ्या. पण सीझन संपल्यावर छोटं झालेलं सामान ते परत घेतात, रोख घेतलं तर कमी, दुकानातच दुसरं काही घेणार असाल तर जरा जास्त धरतात, आम्ही ग्लव्ह आणि बॅट दिली आणि त्यातून हिवाळ्यासाठी पोराचे स्केट्स घेतले.

जायचं असेल तर फेब्रुवारीत जा, शनिवार सोडून. मार्चमधे लीगच्या याद्या लागल्या की सगळा टाऊन तिथे येतो आणि साडेदहा अकरा इंचाचे मऊ ग्लव्ह सगळ्यात आधी संपतात. डावखुरं मूल असेल तर आधी फोन करून विचारा, आमच्या इथले लोक बघून सांगतात आणि असला तर संध्याकाळपर्यंत बाजूलाही काढून ठेवतात.