घडीचं पान जोडून देणारं दुकान : पुण्यातल्या एका बाइंडरचा अनुभव

अप्पा बळवंत चौकातून आत वळलं की एका बोळात, जिन्याखाली, पुस्तकं बांधून देणारं एक छोटं दुकान आहे. पाटी नाही. मालकांनी नाव-पत्ता छापू नका असं सांगितलं, म्हणून तो देत नाही. चौकात विचारलंत तर कुणीही दाखवेल. घरात मोडकळीला आलेली जुनी पुस्तकं असतील त्यांनी तिथं जरूर जावं.

माझं पुस्तक म्हणजे हिंदुस्थान सरकारची 1877 ते 1880 मधली आर्थिक विवरणं, एकत्र बांधलेली. दोन वर्षांपूर्वी रद्दीच्या दुकानात वजनावर 180 रुपयांना मिळालं. मी उपकोषागारात 31 वर्षं नोकरी केली, मार्चअखेरीला रात्री दोन-दोनपर्यंत बिलं पास केली आहेत. त्यामुळे लेखाशीर्षं आणि आकड्यांचे तक्ते मला परके नाहीत. शिवाय आमचं मूळ गाव श्रीगोंदा तालुक्यात. पणजोबांचे वडील 1877 मध्ये दौंड-मनमाड रेल्वेच्या मातीकामावर, म्हणजे दुष्काळी कामावर, होते असं घरात सांगत आले. 1972 ला माझे वडील दुष्काळी कामावर मस्टर लिहायचे. हे पुस्तक सोडवलं नाही.

पुस्तकाची दशा मात्र बघवत नव्हती. आधी मी ते दुसऱ्या एका बाइंडरकडे दिलं होतं. त्यानं कडा सरळ करायच्या म्हणून मशीनवर कापल्या आणि घडीच्या पानांच्या (घडी घालून आत बसवलेल्या मोठ्या तक्त्यांच्या) उजव्या बाजूचे शेवटचे आकडे गेले. फाटलेल्या घड्यांवर चिकटपट्टी लावली, तीही पिवळी पडून अक्षरं खाऊ लागली. घरी येऊन ते पुस्तक उघडलं तेव्हा मी रडले.

या दुकानातल्या काकांनी पुस्तक हातात घेतलं, पण उघडलं नाही. आधी वास घेतला, मग पाठीवरून अंगठा फिरवला. म्हणाले, "ताई, घडी आत्ता उघडली तर तुटेल. चार दिवस ओलाव्यात ठेवू, मग बोलू." चिकटपट्टी त्यांनी किती दिवस लावून, किती हलक्या हातानं काढली ते मी दोनदा जाऊन पाहिलं. मग गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि केसाएवढा पातळ जपानी कागद. घडीच्या मागून तो कागद असा लावला की समोरून आकडा झाकला जात नाही. फर्मे (दुमडलेल्या पानांचे जुडगे) सुटे करून पुन्हा जुजबंदी, म्हणजे दोऱ्याची, शिलाई केली. पुस्तक आता टेबलावर सपाट उघडं राहतं, हातानं दाबून धरावं लागत नाही.

घडीच्या पानाला एवढं का जपायचं? त्यावर तीन वर्षं एका ओळीत असतात म्हणून. सरलेल्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज (त्या वेळी त्याला 'रेग्युलर एस्टिमेट' म्हणत) आणि पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक. आकडे पौंडात, हिशेबाला 10 रुपयांचा पौंड धरलेला. घडी फाटली की अंदाज एकीकडे आणि प्रत्यक्ष दुसरीकडे. नुसता अंदाजाचा रकाना वाचणाऱ्याला त्या सरकारनं दुष्काळग्रस्तांसाठी केवढं केलं असं वाटेल.

1876 ला दख्खनमध्ये पाऊस पडला नाही. सोलापूर, कलादगी, धारवाड, सातारा, नगर, पुणे, सगळीकडे पिकं गेली. आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असे, म्हणजे त्या सालचं अंदाजपत्रक पावसाच्या आधीच ठरलेलं होतं. त्याआधी 1873-74 ला बिहारच्या दुष्काळात इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलनं ब्रह्मदेशातून तांदूळ आणून माणसं वाचवली होती. खर्च साडेसहा कोटींच्या घरात गेला म्हणून त्याला सरकारनंच बोल लावले. 1877 च्या जानेवारीत तोच टेंपल काटकसरीचा हुकूम घेऊन इकडे आला. कामावरच्या गड्याला दिवसाला 1 पौंड वजनाच्या (सुमारे अर्धा किलो) धान्याची किंमत आणि वर 1 आणा. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं याविरुद्ध अर्जामागून अर्ज केले, मजुरांनी कामं सोडली. शेवटी मद्रास, मुंबई, म्हैसूर धरून मेलेल्यांची संख्या 50 लाखांवर गेली.

मग डिसेंबर 1877 मध्ये अर्थखात्याचे सर जॉन स्ट्रॅची यांनी हिशेब मांडला. दर दहा वर्षांत दुष्काळापायी 15 कोटी रुपये लागतात, म्हणजे वर्षाला दीड कोटी शिल्लक टाकली पाहिजे. एका कोषागारवालीला हा विचार पटतो. संकट यायच्या आधी तरतूद करणं हेच खरं नियोजन. पण पैसा कुठून आणला? व्यापार-धंद्यांवर लायसन्स टॅक्स बसवला. त्यावरून 1878 मध्ये सुरतेत दंगा झाला. आणि मीठ. मुंबई आणि मद्रास इलाख्यात मणामागे 1 रुपया 13 आणे कर होता, तो 2 रुपये 8 आणे केला. उत्तरेत तो 3 रुपयांवरून खाली आणला. दुष्काळ कोणत्या इलाख्यांत होता? याच दोन. कण्या शिजवून खाणाऱ्याला मीठ तरी लागतंच. या ओळीवर बोट ठेवून मी बराच वेळ बसले होते.

दीड कोटींचा वेगळा निधी असा कधी नव्हताच. तो शिलकीचा वायदा होता. नोव्हेंबर 1878 मध्ये अफगाण युद्ध सुरू झालं, रुपया चांदीचा होता, चांदीचा भाव उतरल्यामुळे विलायतेला पैसे पाठवण्यातला तोटा वाढला, आणि 1879-80 ला ती तरतूद थांबवली. कर चालूच राहिले. मार्च 1879 मध्येच व्हाइसरॉय लिटननं आपल्या मंडळातल्या बहुमताला न जुमानता जाड्याभरड्या विलायती कापडावरची जकात उठवली. आम्ही एका शीर्षाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायला पुनर्विनियोजनाचा प्रस्ताव करायचो, कारण लिहायचो, सही घ्यायचो. इथं लोकांना सांगितलेलं कारण एक आणि खर्च दुसराच. मला याचा आजही संताप येतो. वासुदेव बळवंत फडके पुण्यात लष्करी हिशेबाच्या कार्यालयातच कारकून होते, आणि दुष्काळी मुलूख पायी पाहून 1879 मध्ये त्यांनी बंड केलं. हिशेब वाचता येणाऱ्या माणसाला काय वाटलं असेल ते मला कळतं.

दुष्काळ आयोग, 1883 चा फॅमिन कोड (दुष्काळात सरकारनं काय करायचं याची नियमावली), डावा नीरा कालवा या गोष्टी त्यातूनच पुढे उभ्या राहिल्या, तेही खरं.

आता दुकानाबद्दल राहिलेलं. तीन आठवडे सांगितले होते, सात लागले. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. बांधणी आणि डागडुजीचे 2,400 रुपये, स्कॅनिंग पानाला 4 रुपये. स्कॅन रंगीतच मागा. माझे आधी काळे-पांढरे केले होते, त्यात समासातल्या कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा दिसेनात. सांगितल्यावर पुन्हा करून दिले, जादा पैसे घेतले नाहीत. कापलेले आकडे त्यांना परत आणता आले नाहीत, पण तिथं कोरी पट्टी जोडून ठेवली आहे. दुसरी प्रत हाती आली की मी ते पेन्सिलीनं भरणार आहे.

पुस्तक देताना घडीची पानं मोजून चिठ्ठीवर लिहून द्या. माझी 9 होती, 9 परत आली.